करारात लिहिलेली मिनीबस

मित्रांनो, माझा पांढरा रंग आता पिवळट पडला आहे. थंडीच्या दिवसांत मला सुरू व्हायला वेळ लागतो आणि मागच्या दोन आसनांचा स्पंज उंदरांनी कुरतडला आहे. मी एक मिनीबस आहे, आणि जुनी आहे हे मला कुणी सांगायला नको. सिडनीच्या पश्चिमेला पॅरामॅटा आहे. तिथल्या वेअर स्ट्रीटवर माझं सगळं आयुष्य गेलं. रेल्वे स्टेशनपासून नदीकाठच्या सहा मजली इमारतीपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच माझा रस्ता. लांबच्या प्रवासाच्या गोष्टी माझ्याकडे नाहीत. पण या छोट्या रस्त्यावर जे घडलं ते मी अगदी जवळून पाहिलं.

मला कारखान्यात बनवलं हे खरं, पण मी जन्माला आले ती एका भांडणामुळे.

वेअर स्ट्रीट अरुंद आहे. एका बाजूला विटांची जुनी बैठी घरं, दुसऱ्या बाजूला जॅकरांडाची झाडं, आणि शेवटी नदी. पुढे जायला वाट नाही. आत येणारी प्रत्येक गाडी त्याच तोंडाने बाहेर पडते. नदीकाठच्या मोकळ्या जागेवर ऑफिसांची इमारत उभी राहणार असं कळलं तेव्हा रस्त्यावरची माणसं नगरपालिकेत गेली. त्यांच्यात सगळ्यात पुढे होती डल्सी हॅनाफर्ड. शाळेत स्वयंपाकघर सांभाळून ती निवृत्त झाली होती आणि तिचा आवाज अजून मोठा होता.

"इमारत उंच झाली तर माझ्या लिंबाच्या झाडाला ऊन मिळणार नाही. ते मी सोसेन," ती सभेत म्हणाली. "पण शेकडो माणसं रोज एकेक गाडी घेऊन आमच्या दारात आली, तर आम्ही घराबाहेर कसं पडायचं ते तुम्हीच सांगा."

नगरपालिकेने परवानगी दिली, पण अट घालून. तळघरात पार्किंगच्या जागा थोड्याच ठेवायच्या. आणि जो कोणी या इमारतीत ऑफिस भाड्याने घेईल, त्याने आजूबाजूची गर्दी कमी ठेवायला हातभार लावायचा. तसं प्रत्येक भाडेकरारात लिहिलं गेलं. आपल्या माणसांना आगगाडीने, बसने, सायकलने यायला मदत करायची. सगळ्यांनी एकाच वेळी ऑफिस उघडायचं नाही. प्रत्येक ऑफिसात या कामाला एक माणूस नेमायचा. आणि सगळ्यांनी मिळून स्टेशनपासून एक मिनीबस चालवायची.

ती मिनीबस म्हणजे मी. बाकीच्या गाड्या कुणाच्या तरी हौसेने विकत घेतल्या जातात. मी एका कलमामुळे आले. याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मला चालवायला सेमीसी आला. तो टोंगा बेटावरचा. अंगाने एवढा भरदार की माझं चालकाचं आसन अगदी मागे सरकवून ठेवावं लागलं, आणि ते आजही तिथेच अडकून बसलं आहे. गाडी चालवताना तो चर्चमधली गाणी हलक्या आवाजात म्हणायचा. अळूच्या पानांत गुंडाळून नारळाच्या दुधात शिजवलेलं मांस त्याच्या डब्यात असायचं, आणि दुपारभर तो वास माझ्यात भरून राहायचा. त्याबद्दल कुणी कुरकुर केली की तो म्हणायचा, "वास फुकट आहे. घास हवा असेल तर उद्या लवकर ये."

इमारतीची व्यवस्थापक नोरीन गॅफनी. सडसडीत, चालण्यात घाई, गळ्यात चष्म्याची दोरी. सुरुवातीच्या वर्षांत नवा भाडेकरू आला की ती त्याला हाताला धरून माझ्यात बसवायची आणि स्टेशनपर्यंत नेऊन आणायची. वाटेत अटी समजावून सांगायची. कुणी कंटाळून म्हणायचं, "नोरीन, वाचलंय मी ते." त्यावर ती म्हणायची, "वाचलं असेल. आता बसून बघ."

ती माझी चांगली वर्षं होती. सकाळी स्टेशनच्या पायऱ्यांवरून माणसं उतरायची आणि माझ्यात भरायची. दुसऱ्या मजल्यावरचे नकाशे काढणारे, तळमजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातल्या मुली, वरच्या मजल्यावरचे वकील. एरवी एकमेकांना लिफ्टमध्येही न पाहणारी ही माणसं माझ्यात गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि क्रिकेटवरून भांडायची. नगरपालिकेचे लोक आले, माझ्यासोबत उभं राहून फोटो काढून गेले. रस्ता मोकळा होता. डल्सी फाटकाशी उभी राहून सेमीसीला लिंबं द्यायची.

डल्सीचा नवरा लेस. तो पूर्वी फेरीबोटीवर होता. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती, म्हणून आठवड्यातून तीनदा त्याला डायलिसिसला जावं लागे. रुग्णालयाची गाडी त्याला घ्यायला दारात येई. ती वेळेवर यायची, वेळेवर जायची. त्याकडे कुणाचं लक्षही जात नसे.

मग तिसरा आणि चौथा मजला रिकामा झाला, आणि बराच काळ रिकामा राहिला. इमारतीचे मालक नोरीनला रोज फोन करू लागले. शेवटी घरांसाठी कर्ज देणारी एक कंपनी दोन्ही मजले घ्यायला तयार झाली. तिचा प्रमुख क्रेग पेलो. माणूस हसरा, बोलायला मोकळा. पहिल्या दिवशी त्याने मला दारात पाहिलं.

"ही कुणाची?"

"तुझीसुद्धा," नोरीन म्हणाली. "करारात आहे."

"करारात काय, बरंच काही असतं," तो हसत म्हणाला.

एरवी नोरीनने त्याला तिथल्या तिथे माझ्यात बसवलं असतं. पण तेवढ्यात मालकांचा फोन आला, आणि ती बोलत बोलत आत गेली. क्रेग माझ्यात बसला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

वेअर स्ट्रीटच्या तोंडाशी लाकडाची एक बंद पडलेली वखार होती. क्रेगने ती भाड्याने घेतली, खडी टाकून सपाट केली आणि आपल्या माणसांना सांगितलं, "गाड्या आणा. जागा फुकट." यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. चांगली माणसं नोकरीला मिळावीत म्हणून त्याने ते केलं. माणसं खूश झाली. फुकट जागा असताना फलाटावर वारा खात कोण उभं राहणार?

मग दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, आम्हाला का नाही? वकील म्हणाले, आमचे अशील काय म्हणतील? त्यांनीही वखारीतल्या जागा घेतल्या. ज्यांना जागा मिळाली नाही ते रस्त्याच्या कडेला गाड्या लावू लागले. सगळी ऑफिसं पुन्हा एकाच वेळी उघडू लागली. जॅकरांडाच्या निळ्या फुलांचा सडा पडायचा तिथे आता गाड्यांची छपरं दिसायची.

माझी आसनं एकेक करून रिकामी झाली.

थुई लाम नावाची एक बाई क्रेगच्या ऑफिसात होती. तिची गाडी दुरुस्तीला गेली की ती माझ्यात यायची. एकदा ती एकटीच होती, तेव्हा सेमीसीने आरशातून विचारलं, "गर्दी कमी करायच्या कामाला तुमच्या ऑफिसातून तुझंच नाव दिलंय ना?"

"नाव दिलंय."

"मग काय करतेस?"

"काही नाही. काम काय ते कुणी सांगितलंच नाही. नावापुढे एक रकाना होता, तो भरायचा होता."

"तू तरी माझ्या बसमध्ये येत जा रोज."

"सेमीसी, माझी दोन मुलं आहेत. दोघांची पाळणाघरं वेगळी. एकाला ताप आला की मला धावत जावं लागतं. तुझी बस मला तिथे सोडणार आहे का?"

सेमीसीने आरसा सरळ केला आणि मला पुढे घेतलं. पाळणाघरं माझ्या रस्त्यावर नव्हती.

आधी माझ्या दुपारच्या फेऱ्या बंद झाल्या. मग संध्याकाळच्या. पुढे मला तळघरात पाण्याच्या टाकीशेजारी उभं करून ठेवलं. सेमीसीला दिवे बदलायचं आणि खोकी उचलायचं काम दिलं. माझ्या काचेवर धूळ बसली, त्यावर कुणी तरी बोटाने ‘धुवा मला’ असं लिहिलं, आणि पुढे त्या अक्षरांवरही धूळ बसली. याच दिवसांत उंदीर आले. मित्रांनो, न वापरलेली वस्तू लवकर जुनी होते, हे मला तेव्हा कळलं. सेमीसी मात्र आठवड्यातून एकदा मला बाहेर काढून फिरवून आणायचा. बॅटरी मरू नये म्हणून.

अशाच एका फेब्रुवारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यातल्या, सकाळची गोष्ट. ऊन लवकरच चढलं होतं. आम्ही तळघरातून बाहेर पडलो आणि डल्सीच्या घरासमोर अडकलो. समोरून येणाऱ्या गाड्यांना आत शिरायचं होतं, आम्हाला बाहेर पडायचं होतं, आणि मधे कडेला लावलेल्या गाड्यांमुळे एकच गाडी जाईल एवढी जागा उरली होती. कुणी मागे घ्यायला तयार नव्हतं. भोंगे एकसारखे वाजत होते. रस्त्याच्या तोंडाशी, पार लांब, रुग्णालयाची पांढरी गाडी दिसत होती. ती आत येऊ शकत नव्हती.

लेस व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत बसला होता. मांडीवर पिशवी, पाय सुजलेले. आदल्या खेपेला गाडी उशिरा पोहोचली म्हणून त्याचं डायलिसिस अर्ध्यावर आटोपलं होतं. तो धापा टाकत होता, पण तक्रार करत नव्हता. तक्रारीचं खातं डल्सीकडे होतं. ती रस्त्यावर उतरली आणि गाड्यांच्या काचांवर टकटक करत चालत आली. बहुतेकांनी हाताने ‘मी काय करू’ अशी खूण केली. माझ्या समोरच्या गाडीची काच मात्र खाली झाली. आत क्रेग पेलो होता.

"काय झालं?"

"माझ्या नवऱ्याला रुग्णालयात न्यायचंय. त्याची गाडी त्या टोकाला आहे आणि तू इथे आहेस."

क्रेगने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. मग त्याने गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि बाहेर आला. सेमीसीही उतरला. दोघांनी मिळून लेसची खुर्ची व्हरांड्याच्या पायऱ्यांवरून खाली घेतली. पदपथावर झाडांच्या मुळांनी फरश्या वर आल्या होत्या, त्यामुळे त्यांना गाड्यांच्या मधूनच जावं लागलं. सेमीसी खुर्ची ढकलत होता. क्रेग पुढे जाऊन आरसे मिटायला सांगत होता, कुणाच्या बॉनेटवर थापा मारत होता. "जरा डावीकडे! अरे डावीकडे घे, दिसत नाही का माणूस?" त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

माझं दार उघडंच होतं. माझ्या काचेतून मी त्यांना लहान लहान होत त्या पांढऱ्या गाडीपर्यंत पोहोचताना पाहिलं.

वाटेत काय बोलणं झालं ते सेमीसीने नंतर नोरीनला सांगितलं, माझ्यातच बसून. क्रेग चिडून म्हणाला होता, "कुणी करून ठेवली ही रस्त्याची अवस्था?"

"तुम्ही लोकांनी," डल्सी म्हणाली.

लेसने मान मागे करून क्रेगकडे पाहिलं. "तिचं मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला. "ती खरं बोलते, पण ओरडून बोलते."

हे ऐकून नोरीन हसली नाही. तिने चष्मा काढला आणि दोरीशी चाळा करत राहिली.

"वखार घेतली तेव्हाच मी त्याला अडवायला हवं होतं," ती म्हणाली. "करार माझ्या कपाटात आहे. पण मालकांना मजले भरलेले हवे होते. मला वाटलं, विचारलं आणि तो निघून गेला तर?"

"आता विचार."

"आता गेला तर?"

"तर मजले रिकामे राहतील," सेमीसी म्हणाला. "मजल्यांना धाप लागत नाही, नोरीन."

पुढच्या आठवड्यात तिने सगळ्या ऑफिसांच्या प्रमुखांना बैठकीला बोलावलं. वेळ सकाळची. ठिकाण: स्टेशनबाहेर, मिनीबस. सेमीसीने मला धुऊन पुसून तिथे उभं केलं. मंडळी बुचकळ्यात पडून एकेक करून चढली. क्रेगने थुईला पाठवलं होतं. स्वतः तो आला नाही, त्याने फोन लावून ठेवला, आणि थुईने तो मांडीवर धरला. दार लागलं. आम्ही निघालो, आणि वेअर स्ट्रीटच्या तोंडाशी, जिथे रोज अडकतात तिथेच, अडकलो. नोरीनला तेच हवं होतं.

"आता बोलू या," ती म्हणाली. "कुणाला कुठे जायची घाई नाहीये."

वरच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी घड्याळ पाहिलं. नकाशेवाल्यांचा प्रमुख म्हणाला, "आधी कर्जवाल्यांना सांग. सुरुवात त्यांनी केली."

फोनमधून क्रेगचा आवाज आला. "करार मला माहीत आहे. पण मी आल्यापासून एकदा तरी कुणी विचारलं का?"

"नाही," नोरीन म्हणाली. "ती माझी चूक. आज विचारतेय."

 बाहेर भोंगे चालू होते. मग थुईने घसा साफ केला.

"माझं नाव या कामाला दिलंय, म्हणून बोलते. मला गाडी लागते. माझ्या मुलांमुळे. माझी गाडी काढून घेतली तर मला नोकरी सोडावी लागेल. पण माझ्या शेजारी ब्रेट बसतो. तो पुलापलीकडे राहतो. चालत निघाला तर चहा गार व्हायच्या आत पोहोचेल. तो रोज गाडी आणतो."

"ब्रेट?" फोनमधून क्रेग म्हणाला.

"ब्रेट."

"पुलापलीकडे?"

"त्याच्या गच्चीतून आपली इमारत दिसते, क्रेग."

वकीलबाई आधी हसल्या, मग सगळेच. फोनमधूनही हसू आलं, जरा उशिराने. त्या हसण्यानंतर बोलणं सोपं झालं. आम्ही इमारतीपाशी पोहोचेपर्यंत बहुतेक गोष्टी ठरल्या होत्या. रस्ता तुंबलेला होता म्हणून वेळही भरपूर मिळाला.

तळघरातल्या थोड्या जागा ज्यांना खरंच लागतात त्यांना द्यायच्या. लहान मुलं असलेल्यांना, गुडघे दुखणाऱ्यांना, उशिरापर्यंत काम करणाऱ्यांना. बाकीच्यांना आगगाडीच्या भाड्याला मदत. कर्जवाल्यांनी लवकर उघडायचं, वकिलांनी उशिरा. वखारीचा करार संपला की पुन्हा करायचा नाही. आणि कुणाचं मूल आजारी पडलं तर ऑफिसच्या खर्चाने टॅक्सी. ही शेवटची गोष्ट थुईने मागितली, आणि यावेळी तिने रकाना भरण्यापेक्षा बरंच अधिक केलं.

सगळं गोड झालं असं नाही. पार्किंग देतो असं सांगून आम्हाला नोकरीवर घेतलं होतं, असं म्हणत क्रेगची दोन माणसं सोडून गेली. त्यांचंही चुकलं नव्हतं. क्रेग कित्येक महिने नोरीनशी तुटक बोलत होता. पुढे तो सायकलवरून येऊ लागला. सप्टेंबरात मॅगपाय पक्षी पिलांच्या काळजीने त्याच्या हेल्मेटवर झडप घालायचे, आणि तो शिव्या देत तळघरात शिरायचा. सेमीसीला ते बघायला फार आवडायचं. मी पुन्हा दिवसभर धावू लागले.

गाड्या कमी झाल्या आणि लेस बरा झाला, असं सांगता आलं असतं तर मला आवडलं असतं. तसं झालं नाही. पुढच्या हिवाळ्यात तो गेला. तो आजारानेच गेला, रस्त्यामुळे नाही. पण मधल्या काळात रुग्णालयाची गाडी एकदाही तोंडाशी अडकली नाही. दर खेपेला ती त्याच्या दारात आली, आणि त्याने व्हरांड्यातून स्वतः हात करून तिला थांबवलं. एवढंच मी खात्रीने सांगू शकते.

लेस गेल्यानंतर डल्सी बरेच दिवस बाहेर दिसली नाही. मग एका दुपारी, मी इमारतीसमोर रिकामी उभी असताना, ती काठी टेकत आली. डोक्यावर चांगली टोपी होती.

"ही फक्त भाडेकरूंसाठी आहे ना?" तिने सेमीसीला विचारलं.

सेमीसीने नोरीनकडे पाहिलं. नोरीन दारातच उभी होती. तिने कुठलाही करार काढला नाही.

"बसा, डल्सी," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगते."

सेमीसीने हात देऊन तिला वर घेतलं. ती पुढच्या आसनावर बसली, पर्स मांडीवर घेतली.

"कुठे जायचंय?"

"स्टेशनला."

"आणि तिथून?"

"तिथून परत."

"स्टेशनवर काय आहे?"

"काही नाही," डल्सी म्हणाली. "माणसं असतात."

सेमीसीने मला सुरू केलं. तिच्या फाटकासमोरून जाताना ती घराकडे बघत राहिली. हा रस्ता तिने पहिल्यांदाच एवढ्या उंचीवरून पाहिला असावा. परतताना ती दातांच्या दवाखान्यातल्या मुलीशी लिंबाच्या लोणच्यावर बोलत होती, आणि उतरायचं विसरली. तिला आणखी एक फेरी घडली. आता ती जवळजवळ रोज येते.

मित्रांनो, माझ्या जागी लवकरच विजेवर चालणारी नवी मिनीबस येणार आहे. मी भंगारात जाईन किंवा सेमीसीच्या चर्चला, ते अजून ठरलेलं नाही. एक सांगते. तुम्ही मोठे व्हाल, कुठे तरी दुकान किंवा ऑफिस थाटाल, भाडेकरारावर सही कराल. त्यात शेजाऱ्यांसाठी काही कबूल केलं असेल, तर कुणी विचारायला येईल म्हणून थांबू नका. आणि तुमच्या शहरात माझ्यासारखी एखादी बस रिकामी धावताना दिसली, तर एकदा चढून बघा. तुम्ही गाडी घरी ठेवलीत, तर रस्त्यावर मोकळ्या झालेल्या जागेतून कुणाची तरी चाकाची खुर्ची बाहेर निघते. ते कोण, हे तुम्हाला कदाचित कधीच कळणार नाही. तरीही चढा.